अमर शेख : कॅसेटची दुसरी बाजू

आवडत्या शाहिराची गाणी एका जागी करायची म्हटले, की हात आधी गाजलेल्या गाण्यांकडे जातो. चार गाजलेली, दोन टाळ्यांची, एक डोळ्यांत पाणी आणणारे. झाली माळ तयार. ऐकणारा खूश होतो, पण गाणारा माणूस कोण होता हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. गेले दोन महिने आम्ही शाहीर अमर शेख यांची अशी माळ ओवत आहोत. नियम एकच ठेवला : गाणी सालवारीने लावायची. या साध्या नियमाने आमच्यासमोर काय काय आणून ठेवले, ते या महिन्यात वाचक बंधू-भगिनींपुढे मांडतो.

निमित्त शाळेतले. संयुक्त महाराष्ट्राचा भाग शिकवताना शाहिरांची नावे येतातच : अण्णाभाऊ साठे, अमर शेख, द. ना. गव्हाणकर. नावे एका ओळीत येतात आणि एका ओळीत संपतात. तास संपल्यावर एक मुलगी टेबलाजवळ आली आणि हळूच म्हणाली, "अमर शेख म्हंजे आपल्यातले काय?" ‘आपल्यातले’ हा शब्द उच्चारण्याआधी तिने मागे वळून पाहिले होते. आम्ही ‘हो’ म्हटले, पण तेवढ्यावर भागणार नव्हते. ज्या मुलीला हा प्रश्न कुजबुजून विचारावा लागतो, तिला तो माणूस पुरा ऐकवला पाहिजे असे आम्हांला वाटले.

आधी माणसाची ओळख. अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीला. घरची गरिबी. पाणी भरणे, मोटारीवर क्लीनर म्हणून राबणे, गिरणीत काम करणे, असे पडेल ते त्यांनी केले. गिरणी कामगारांच्या संपात ते पुढे होते. पुढे काही काळ आपल्या कोल्हापुरात मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत काम केले. मेहबूब पटेल हे नाव मागे पडले आणि अमर शेख हे नाव महाराष्ट्रभर झाले. आचार्य अत्रे यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटले. मायकोव्हस्की हा रशियन क्रांतीच्या काळातला कवी. भर सभेत आपली कविता गर्जून म्हणणारा. २९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. वय अवघे बावन्न.

आता माळेकडे वळू. आमच्या लहानपणी जयसिंगपुरात गाणी भरून देणारी दुकाने होती. कागदावर यादी लिहायची, कोरी कॅसेट द्यायची आणि दोन दिवसांनी आणायला जायचे. कॅसेट साठ मिनिटांची. तीस मिनिटे एका बाजूला, तीस दुसऱ्या. एक गाणे घ्यायचे तर दुसरे सोडावे लागे, म्हणून यादी करताना डोके चालवावे लागे. आजच्या पेन ड्राइव्हला तळच नाही. त्यात शंभर गाणी टाकता येतात आणि एकही नीट ऐकली जात नाही. म्हणून आम्ही जुनाच हिशेब धरला : साठ मिनिटे आणि दोन बाजू. पहिली बाजू १ मे १९६० पर्यंतची, म्हणजे महाराष्ट्र राज्य झाले तिथवर. दुसरी बाजू त्यानंतरची.

पहिल्याच गाण्याला अडलो. सालवारीने जायचे तर सुरुवात बार्शीच्या घरातून हवी. अमर शेख यांना लोकगीतांचा वारसा आईकडून मिळाला. तिचे नाव मुनेरबी. मुनेरबींचा आवाज आज कुठून आणणार? त्या काळी गरिबाघरच्या बाईच्या ओव्या भरून ठेवायला कोण आले होते?

हा पेच आमच्या फुफीने सोडवला. फुफीचे वय पंच्याहत्तर. गाण्या-बजावण्याच्या बाबतीत आपल्या घराघरांत दोन मते असतात, तशी आमच्याही घरात आहेत. फुफीने सुरुवातीलाच सांगून टाकले होते, "मेरे कू पेटी-ढोलकी नको. बोल पढ के सुना, सुनतूँ मैं." म्हणून आम्ही तिला अमर शेखांविषयी वाचून दाखवत होतो. आईच्या ओव्यांचा उल्लेख आला आणि फुफी मध्येच म्हणाली, की तिची आईही जात्यावर बसली की ओव्या म्हणायची. घरात दखनी बोलणारी बाई जात्यावर मात्र मराठीत गायची, कारण जाते शेजारणीबरोबर ओढायचे असे आणि ओव्या शेजारणीकडूनच आलेल्या. मग वाद्य नाही, ताल नाही, नुसता आवाज, अशा तीन ओव्या फुफीने मोबाइलमध्ये म्हटल्या. आमच्या माळेतला तो पहिला मणी. चिठ्ठीवर आम्ही स्पष्ट लिहिले : हा आवाज मुनेरबींचा नाही; पण असेच काहीतरी मेहबूबच्या कानावर पडत असावे.

ही गोष्ट फक्त आमच्या घरची नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातील खेडोपाडीच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. गाणाऱ्यांत सर्व जातींच्या बायका होत्या आणि मुसलमान बायकाही होत्या. जात्यावर बसलेल्या बाईला तिची मराठी कोणाकडून मागून आणावी लागली नव्हती.

शाहिरीतही आपला माणूस उपरा नव्हता. पेशवाईच्या अखेरच्या काळातले सगनभाऊ जेजुरीचे. धंदा शिकलगारीचा, म्हणजे हत्यारांना धार लावून ती उजळण्याचा, धर्माने मुसलमान. लावणी आणि पोवाडा या दोन्हींत त्यांचे नाव आजही घेतले जाते. अमर शेख आले ते या वाटेवरून. फरक एवढाच, की सगनभाऊंच्या काळी शाहिराला आश्रय श्रीमंतांचा आणि दरबाराचा. अमर शेखांना आश्रय दिला गिरणगावाने.

पुढचे साल १९४४. या वर्षी अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी मुंबईत लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णाभाऊ आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले, वाळवे तालुक्यातल्या वाटेगावचे. येथे दुसरा प्रश्न पडला. कलापथकात एकाने लिहावे, दुसऱ्याने गावे, तिसऱ्याने चाल लावावी असा मामला. मग अमर शेखांच्या माळेत अण्णाभाऊंचे गाणे घ्यायचे की नाही? घरात यावर चांगली खडाजंगी झाली. लिहिणाऱ्याचे नाव ते त्याचे गाणे, असे एकाचे म्हणणे. लोकांनी ज्याच्या तोंडून ऐकले त्याचे, असे दुसऱ्याचे.

निकाल ‘माझी मैना’ या छक्कडीने लावला. ती अण्णाभाऊंनी लिहिली, हे सर्वांना ठाऊक आहे. पण महाराष्ट्रभर ती गेली अमर शेखांच्या गळ्यातून. ती वगळली तर दोघांवरही अन्याय होतो. म्हणून आम्ही ती घेतली आणि चिठ्ठीवर दोन नावे लिहिली : शब्द अण्णाभाऊंचे, आवाज अमर शेखांचा. जाता जाता सांगण्यासारखी एक गोष्ट. अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले. त्यानंतर बेचाळीस दिवसांनी अमर शेख गेले.

या छक्कडीबद्दल आपल्या भागातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. गावाकडे राहिलेल्या घरधनिणीची ताटातूट सांगता सांगता ती मुंबईची आणि बेळगाव-कारवारच्या सीमाभागाची ताटातूट सांगू लागते. आमच्या शिरोळ तालुक्याला कर्नाटकची हद्द लागून आहे. जयसिंगपुरातल्या कित्येक घरांतल्या लेकी निपाणी, चिकोडी, बेळगावला दिलेल्या आहेत आणि तिकडच्या लेकी इकडे सुना होऊन आल्या आहेत. सीमेचा दावा महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला. वर्गात आम्ही ती छक्कड ऐकवली तेव्हा दोन मुलांनी लगेच सांगितले, की त्यांचे आजोळ ‘पलीकडे’ आहे. कित्येक दशकांपूर्वीचे गाणे त्या मुलांना समजावून सांगावे लागले नाही.

संयुक्त महाराष्ट्राचा काळ आला, की माळ आपोआप भरते. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. पुढच्या वर्षी ६ फेब्रुवारीला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. या लढ्यात शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले. सभेला लोक जमवावेत, जमलेले धरून ठेवावेत आणि नेत्याचे भाषण सुरू होण्याआधीच त्यांची मने पेटवावीत, हे काम शाहिरांचे. आमच्या गल्लीत एक चाचा आहेत. वय चौऱ्याऐंशी. उमेद होती तोवर इचलकरंजीत यंत्रमागावर होते. लहान असताना त्यांनी अमर शेखांना एका मैदानात ऐकले होते. गाणे कोणते, ते त्यांना आठवत नाही. सभा कशाची होती, तेही धूसर. पण आवाज मात्र आठवतो. ते म्हणाले, "माइक लावल्याला, पण त्येला गरज न्हवती बघ. डफावर थाप पडली आन् माझ्या वडलांनी मला खांद्यावर घेतलं." ही आठवणही आम्ही चाचांच्याच आवाजात भरून घेतली. दीड मिनिटाची आहे. गाण्यांच्या मध्ये ती चांगली बसते.

अमर शेखांच्या स्वतःच्या आवाजातले आमच्या हाती किती लागले? आमच्या अकरा तुकड्यांत फक्त चार. कुठे खरखर आहे, कुठे सुरुवातच कापलेली. बाकीचे इतरांनी गायलेले किंवा पुस्तकातून वाचलेले. अमेरिकेत वुडी गथ्री नावाचा लोकगायक होऊन गेला. दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांची आणि मजुरांची गाणी तो रचायचा. १९४० मध्ये अॅलन लोमॅक्स या संग्राहकाने त्याला वॉशिंग्टनच्या सरकारी ग्रंथालयासाठी समोर बसवले आणि त्याची गाणी, त्याच्या गप्पा, त्याच्या आयुष्याची हकीकत असे काही तास भरून घेतले. म्हणून आज तिकडच्या शाळेतल्या पोराला तो बोलतानासुद्धा ऐकता येतो. आमच्या शाहिराचे गाणे मैदानात उमटले आणि बरेचसे मैदानातच राहिले. कामगाराचे गाणे तबकडीवर घेण्यात कोणाला फायदा दिसणार?

इथवर आलो आणि पहिली बाजू संपली. लोकांना माहीत असलेले अमर शेखही येथेच संपतात. १ मे १९६० ला राज्य झाले, पेढे वाटले गेले, शाहिरांनी गुलाल उधळला आणि पडदा पडला. पण सालवारीचा नियम असा, की तो पडदा पडू देत नाही. त्या दिवसानंतर अमर शेख नऊ वर्षे जगले. त्या नऊ वर्षांचे काय?

दुसरी बाजू भरायला बसलो तेव्हा आमची खरी परीक्षा झाली. १९६१ मध्ये ‘प्रपंच’ हा चित्रपट आला. त्यात अमर शेखांनी भूमिका केली. मैदानात गर्जणारा माणूस पडद्यावर संसाराच्या ओझ्याखाली वाकलेला दिसतो. १९६३ मध्ये ‘धरतीमाता’ हा कवितासंग्रह निघाला. त्याआधी १९५८ मध्ये ‘कलश’ आला होता. या कविता सभेत म्हणण्यापेक्षा घरी बसून वाचण्याच्या. आम्ही त्यांतल्या दोन वाचून भरल्या. वाद्य नसल्याने त्या फुफीलाही ऐकवता आल्या. एक झाल्यावर ती काही बोलली नाही, फक्त म्हणाली, "फिर से पढ." गाजलेल्या गाण्यांच्या माळेत या कविता कधीच आल्या नसत्या.

याच बाजूवर १९६२ चे चिनी आक्रमण आणि १९६५ चे पाकिस्तानी आक्रमण आहे. दोन्ही वेळा अमर शेख डफ घेऊन महाराष्ट्रात फिरले आणि त्यांनी लोकांना जागे केले. येथे शाळेतल्या एका सहकाऱ्याने प्रेमाने सुचवले, "बाकीचं राहू द्या. पंधरा ऑगस्टला एवढंच लावा. मुसलमान शाहिरानं हे गायलं म्हटल्यावर लोकांना बरं वाटेल." सूचना मनापासून केलेली होती. मोबाइलवर पुढे पाठवायलाही ती सोयीची. आणि खरे सांगायचे तर मोह आम्हांलाही झाला. आपल्यापैकी कोणाला तो होत नाही? शेजाऱ्याला दाखवायला, नातेवाइकाला पाठवायला असा एखादा दाखला खिशात असावा, असे आजकाल पुष्कळांना वाटते.

पण यादी समोर होती. १९४४ मध्ये हाच माणूस कामगाराची भाकरी मागत होता. १९५६ मध्ये हाच माणूस सरकारला जाब विचारत होता. गोवामुक्तीच्या लढ्यातही हाच होता. १९६२ आणि १९६५ मध्ये हाच सैनिकांच्या पाठीशी उभा राहिला. त्यातले एक साल उचलून बाकीची मागे ठेवली, तर अमर शेख शाहीर राहत नाहीत. नुसते चारित्र्याचे प्रमाणपत्र होतात. त्यांनी कधी कोणाला प्रमाणपत्र दाखवले नाही. आपली जमीन, आपली भाषा, आपले लोक, म्हणून मागायचे तेव्हा हक्काने मागितले आणि द्यायचे तेव्हा हक्काने दिले. म्हणून ती गाणी आम्ही त्यांच्या सालाच्या जागी ठेवली. पुढे आणली नाहीत आणि मागेही ढकलली नाहीत.

उलट बाजूचा मोहही सांगितला पाहिजे. अमर शेख कम्युनिस्ट होते. त्यांची जगण्याची वाट आपल्या बहुतेक घरांच्या वाटेहून निराळी होती. त्यांच्या कन्या मल्लिका अमर शेख यांनी ‘सूर एका वादळाचा’ हे वडिलांवरचे पुस्तक लिहिले आहे. ते ज्याला हवे त्याने वाचावे. लाल बावट्याची गाणी गाळून, धर्माचा विषय झाकून, आपल्या बैठकीच्या खोलीत शोभेल असा अमर शेख तयार करणे अवघड नव्हते. पण मग सहकाऱ्याने एक तुकडा कापला आणि आम्ही दुसरा, एवढाच फरक उरला असता. माणूस पुरा ऐकावा, मग त्याच्याशी सहमत व्हावे किंवा न व्हावे. शाळेत आम्ही मुलांना हेच शिकवतो.

तयार माळ आम्ही त्या मुलीला दिली. आठवड्याने तिने परत आणून दिली तेव्हा आम्ही विचारले, काय आवडले? आम्हांला वाटले ती ‘माझी मैना’ म्हणेल. ती म्हणाली, "ते म्हातारे चाचा बोलतात ते." आणि मग, "माझ्या नानी पण ओव्या म्हणतात. त्यांच्या भरू काय?" या खेपेला तिने मागे वळून पाहिले नाही.

आता वाचकांकडे मागणे. ज्यांना अशी माळ करायची असेल, त्यांच्यासाठी चार गोष्टी. शाहीर अमर शेखच पाहिजेत असे नाही. आपल्या गावचा कव्वाल, मोहरमचे मर्सिये म्हणणारा, भेदिक गाणारा, कोणीही चालेल. पहिली गोष्ट : वेळेची मर्यादा ठेवा, तासाभराच्या वर जाऊ नका. दुसरी : सालवारीने लावा. मोबाइल किंवा पेन ड्राइव्हमध्ये गाण्याच्या नावाआधी ०१, ०२, ०३ असे आकडे घाला, म्हणजे क्रम मोडत नाही. तिसरी : सोबत कागदाची चिठ्ठी हवीच. शब्द कोणाचे, आवाज कोणाचा, प्रसंग कोणता, साल कोणते. जे ठाऊक नाही ती जागा कोरी सोडा, अंदाजाने भरू नका. चौथी : दोन प्रती करा आणि दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. १९५६ साली बारा वर्षांचे असलेले पोर आज ऐंशीच्या पुढे आहे. त्यांना विचारा : तुम्ही कोणाला ऐकले? कुठे? कोणाबरोबर गेला होता? त्यातली एक ओळ तरी आठवते का? मोबाइल समोर ठेवा आणि मध्ये बोलू नका. गाणे आठवले नाही तरी चालेल. बापाने खांद्यावर घेतले होते, एवढे आठवले तरी तेही भरून ठेवा. गावात एखाद्याने अमर शेख यांना स्वतः ऐकले असेल, तर त्यांची आठवण या सदराकडे जरूर पाठवा. आमच्या दुसऱ्या बाजूवर अजून सात मिनिटे रिकामी आहेत.